कपाटासाठी न्यूट्रल रंग कसे पारखावेत

मॅचिंग सेंटरमध्ये जाऊन नुसते ‘ऑफ-व्हाइट अस्तर द्या’ असे सांगितले, तर जुना दुकानदार लगेच कात्री उचलत नाही. तो आधी साडी किंवा कापडाचा तुकडा मागतो. तुकडा हाती आला की मागच्या फळीवरून चार-पाच तागे काढून ते काउंटरवर शेजारी शेजारी मांडतो. एकेकटे पाहिले असते तर सगळेच ‘ऑफ-व्हाइट’ वाटले असते, पण आता त्यांतला एक पिवळसर, एक गुलाबीकडे झुकणारा, एक राखट आणि एक किंचित हिरवट असल्याचे दिसू लागते. न्यूट्रल रंगांविषयी जे समजून घ्यायचे, त्यातले निम्मे या काउंटरवरच कळते. पांढरा, मोतिया, बदामी, खाकी, तपकिरी, राखाडी, नेव्ही, काळा ही नावे फक्त रंगाचे कूळ सांगतात. कपडा कोणावर आणि कशाबरोबर शोभेल, हे त्या रंगातील झाक आणि त्याचा गडदपणा या दोन गोष्टींवर ठरते, आणि खरेदीच्या वेळी नेमके या दोन गोष्टींकडेच दुर्लक्ष होते.

अमेरिकन चित्रकार आणि शिक्षक अल्बर्ट मन्सेल यांनी १९०५ मध्ये मांडलेली रंगमापनाची पद्धत येथे उपयोगी पडते. तिच्यानुसार प्रत्येक रंगाचे तीन गुण मोजता येतात: तो लाल, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा अशा कोणत्या कुळातला आहे, तो किती उजळ किंवा गडद आहे आणि तो किती तीव्र आहे. या रचनेच्या मधोमध एक उभा अक्ष असतो; त्याच्या तळाशी काळा, माथ्यावर पांढरा आणि मध्ये राखाडीच्या चढत्या पायऱ्या असतात. अक्षावर तीव्रता शून्य असते, त्यामुळे काटेकोर अर्थाने तेवढेच रंग न्यूट्रल होत. कपड्यांच्या व्यवहारात मात्र अक्षाच्या आसपासचे, तीव्रता पुष्कळ कमी असलेले रंगही आपण त्यात धरतो. बदामी हा फार मंद केलेला, उजळ पिवळा-नारिंगी असतो, तपकिरी हा गडद नारिंगी असतो, आणि नेव्ही हा इतका गडद निळा असतो की त्याचे निळेपण सहसा मध्ये येत नाही. म्हणजेच बाजारात मिळणारा जवळपास प्रत्येक न्यूट्रल कोणत्या ना कोणत्या रंगाकडे थोडासा झुकलेला असतो. हा झुकाव म्हणजेच झाक. ती पिवळ्या-तांबड्याकडे असेल तर रंग उबदार वाटतो, निळ्या-जांभळ्याकडे असेल तर थंड वाटतो.

झाक आणि गडदपणा कसा पाहावा

झाक ओळखण्यासाठी तुलना लागते, कारण एकटा रंग पाहताना डोळा स्वतःला त्याच्याशी जुळवून घेतो आणि थोड्या वेळाने मोतियालाही पांढरा म्हणू लागतो. सकाळी दहा ते दुपारी चारच्या दरम्यान, थेट ऊन येत नसलेल्या खिडकीपाशी पांढरी चादर अंथरावी आणि तिच्यावर कपडा ठेवून शेजारी प्रिंटरचा कोरा कागद ठेवावा. या कागदात प्रकाशदीप्ती वाढवणारी द्रव्ये घातलेली असतात. ती डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण शोषून निळसर प्रकाश बाहेर टाकतात, त्यामुळे कागद थंड पांढरा दिसतो आणि त्याच्याशेजारी कापडातला पिवळसरपणा लपत नाही. राखाडी पाहताना कपाटातले दोन-तीन राखाडी एकत्र ठेवावेत. एक निळसर आणि दुसरा मातकट असल्याचे लगेच जाणवते. काळ्याच्या बाबतीत शिवणीच्या आत सोडलेली माया उलटून पाहावी. तेथे ऊन आणि घर्षण पोहोचलेले नसते, त्यामुळे मूळ काळा किती होता आणि बाहेरचा किती तांबूस किंवा हिरवट पडला आहे, हे एका नजरेत समजते.

साडी दाराशी नेऊन उजेडात पाहण्याची आपल्याकडील बायकांची सवय दुकानदारांना कितीही कटकटीची वाटत असली, तरी ती पूर्णपणे शास्त्रशुद्ध आहे. दोन कापडे वेगवेगळ्या रंगद्रव्यांनी रंगवलेली असतील, तर ती एका प्रकाशात तंतोतंत जुळून दुसऱ्या प्रकाशात उघडपणे वेगळी दिसू शकतात. दुकानातील दिव्यांखाली जुळलेला राखाडी ब्लाउज मांडवात साडीपासून फुटून दिसतो, त्यामागे बहुधा हेच कारण असते. म्हणून कपडा जेथे घालायचा आहे तो प्रकाशही ध्यानात घ्यावा: दिवसभर ट्यूबलाइटखाली बसणाऱ्याने दिवसाच्या उजेडाबरोबर त्या प्रकाशातही एकदा खात्री करावी. नेव्ही आणि काळा यांची गल्लत तर मंद दिव्याखाली हमखास होते.

गडदपणा पाहण्यासाठी मोबाइल पुरेसा आहे. जे दोन कपडे एकत्र घालायचे आहेत, ते शेजारी ठेवून छायाचित्र काढावे आणि ते कृष्णधवल करावे. मरून कुर्ता आणि नेव्ही सलवार यांचा चित्रात एकच काळपट ठोकळा झाला, तर त्या जोडीला उजळ ओढणीची गरज आहे असे समजावे. दोन न्यूट्रल एकत्र घालताना त्यांच्या गडदपणात एक तर ठळक अंतर असावे किंवा ते एकाच ताग्यातले असावेत. ‘जवळपास सारखा’ हा सगळ्यांत वाईट पर्याय आहे, आणि काळ्या साडीवर घातलेला थोडा विटलेला काळा ब्लाउज हे त्याचे नेहमी दिसणारे उदाहरण आहे.

आणखी एक गुंतागुंत अशी की न्यूट्रल रंग शेजाऱ्यामुळे बदललेला दिसतो. पॅरिसच्या गोब्लँ या राजेशाही विणकाम कारखान्यात रसायनशास्त्रज्ञ मिशेल यूजेन शेव्रल हे रंगाई विभागाचे प्रमुख होते. निळ्या-जांभळ्या धाग्यांजवळ विणलेला काळा धागा निस्तेज दिसतो, अशी तक्रार त्यांच्याकडे आली. तपासणी केल्यावर काळ्या रंगाईत दोष आढळला नाही. शेजारचे रंगच डोळ्याला फसवत होते. या निरीक्षणातून त्यांनी रंगांच्या परस्परविरोधाचा नियम शोधला आणि १८३९ मध्ये तो सविस्तर प्रसिद्ध केला. राखाडी कुर्त्यावर कुंकवासारखी लाल ओढणी घेतली की तोच राखाडी किंचित हिरवट भासतो, आणि गर्द हिरवी घेतली की गुलाबीसर भासतो. त्यामुळे राखाडी घेताना तो ज्या रंगीत कपड्याबरोबर वापरायचा आहे, तो कपडा पिशवीत घालून दुकानात न्यावा.

चेहऱ्याजवळ काय आणि कमरेखाली काय

मनगटावरच्या शिरा निळ्या दिसतात की हिरव्या, यावरून त्वचेची झाक ठरवण्याचा उपाय सर्वत्र सांगितला जातो. तो फारसा भरवशाचा नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. शिरेचा दिसणारा रंग तिची खोली आणि त्वचेतून विखुरणारा प्रकाश यांवर अवलंबून असतो, आणि सावळ्या त्वचेवर तर शिरा पुष्कळदा नीट दिसतच नाहीत. त्यापेक्षा एक शुभ्र पांढरा आणि एक मोतिया कपडा घेऊन, खिडकीकडे तोंड करून आरशासमोर उभे राहावे आणि ते आळीपाळीने हनुवटीखाली धरावेत. पाहायचे आहे ते कपड्याकडे नाही, चेहऱ्याकडे: डोळ्यांखालची काळी वर्तुळे आणि ओठांभोवतीच्या सावल्या कोणत्या कपड्याने गडद होतात, आणि कोणत्या कपड्याने नजर सरळ डोळ्यांकडे जाते. फरक जाणवला नाही, तर दोन्ही चालतात असे समजून पुढे जावे. अनेकांच्या बाबतीत तसेच असते.

गव्हाळ वर्णाच्या व्यक्तींना बदामी रंग विशेष जपून निवडावा लागतो. कापडाचा गडदपणा त्वचेच्या गडदपणाइतकाच असेल, तर गळा कोठे संपतो आणि कपडा कोठे सुरू होतो हेच कळत नाही, आणि माणूस आजारी दिसू लागतो. त्वचेपेक्षा दोन पायऱ्या उजळ किंवा दोन पायऱ्या गडद बदामी घेतला की हाच रंग छान उठून दिसतो. सावळ्या वर्णावर मोतिया आणि हस्तिदंती जितके खुलतात तितके ते इतर कोणावरही खुलत नाहीत, तरीही ‘सावळ्यांनी फिके घालू नये’ हा सल्ला घराघरांत दिला जातो. तो खुशाल बाजूला ठेवावा. केस पांढरे होऊ लागल्यावर निखळ काळा चेहऱ्याला कठोर वाटू लागला, तर त्याच्या जागी गडद राखाडी किंवा नेव्ही आणावा. कमरेखालच्या कपड्यांना यांतले काहीच लागू होत नाही. एखादा न्यूट्रल आवडला आहे पण चेहऱ्याला जुळत नाही, अशा वेळी तो पँट, लेगिंग किंवा परकराच्या रूपात घेता येतो.

दागिन्यांचाही विचार करावा लागतो, कारण मंगळसूत्र किंवा सोन्याची साखळी रोज गळ्यात असते आणि कपडे बदलले तरी ती बदलत नाही. मोतिया, बदामी, टसर आणि कॉफी या रंगांवर सोने मिसळून जाते, तर काळ्यावर आणि नेव्हीवर ते उठून दिसते. चांदी किंवा ऑक्सिडाइज्ड दागिने वापरणाऱ्यांना राखाडी आणि शुभ्र पांढरा अधिक साथ देतात.

एकमेकांशी जमणारा संच

प्रत्येक कपाटाला एक गडद, एक मध्यम आणि एक उजळ न्यूट्रल पुरतो. शक्यतो तिघांची झाक एकाच बाजूची असावी. थंड बाजूला नेव्ही, राखाडी आणि शुभ्र पांढरा हा संच होतो. उबदार बाजूला कॉफी, खाकी आणि मोतिया हा संच होतो. दोन्हींची सरमिसळ करताना नेव्ही आणि बदामी ही जोडी निर्धास्त वापरावी, कारण निळा आणि पिवळा-नारिंगी परस्परविरोधी कुळांतले असतात आणि दोघांच्या गडदपणातही भरपूर अंतर असते. राखाडी आणि तपकिरी एकत्र आणणे मात्र अवघड जाते. दोन्ही मध्यम गडद असतील तर दोन्ही मळके वाटतात. राखाडी अगदी फिका आणि तपकिरी अगदी गडद असला तरच ती जोडी जमते. गडद निळी जीन्स कोणत्याही संचात खपते, त्यामुळे तिच्यासाठी वेगळी योजना करावी लागत नाही.

मराठी घरातील कपाटाच्या बाबतीत येथे थोडे वेगळे बोलावे लागेल. न्यूट्रल रंगांविषयीचे बहुतेक सल्ले असे गृहीत धरतात की कपाट रिकामे आहे आणि ते राखाडी-पांढऱ्याने भरायचे आहे. आपले कपाट आधीच डाळिंबी, मोरपंखी, हळदी आणि अबोली रंगांनी भरलेले असते, आणि ते रिकामे करण्याचे काही कारण नाही. येथे न्यूट्रलचे काम त्या रंगांना एकमेकांशी जोडण्याचे आहे, आणि ते काम ब्लाउज, ओढण्या, सलवारी आणि चपला करतात. म्हणून खरेदीला निघण्यापूर्वी साड्यांचे काठ तपासावेत. सोनेरी जर असेल तर टसर किंवा मोतिया ब्लाउज बऱ्याच साड्यांना चालतो; रुपेरी जर असेल तर फिका राखाडी; बिनजरीच्या सुती हातमागाच्या साड्यांना काळा किंवा कॉफी. मरून आणि बॉटल ग्रीन हे रंग पुस्तकी व्याख्येत बसत नाहीत, पण ते इतके गडद असतात आणि आपल्या काठापदरांत इतक्या वेळा येतात की आपल्याकडे त्यांना न्यूट्रलचाच मान द्यावा, असे मला वाटते.

गणवेशाची छाया

न्यूट्रल रंग कोणाचेही लक्ष वेधून घेत नाहीत, हा समज अर्धाच खरा आहे. महाराष्ट्रात त्यांपैकी अनेकांना गणवेशाची ओळख चिकटलेली आहे. वर-खाली एकाच गडदपणाचा खाकी घातला की पोलीस, एसटीचे वाहक आणि रिक्षाचालक आठवतात. पांढरा शर्ट आणि खाकी पँट म्हणजे शाळा. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि काळी पँट घालून न्यायालयाच्या परिसरात उभे राहिले तर लोक वकील समजून खटल्याविषयी विचारतात, आणि लग्नाच्या हॉलमध्ये उभे राहिले तर पाणी मागतात. खळ घातलेला शुभ्र कुर्ता-पायजमा पुढाऱ्याचा ठरतो.

हे टाळण्यासाठी रंग सोडून देण्याची गरज नाही. जोडीतील एक गोष्ट बदलली तरी पुरते. खाकी पँटवर पांढऱ्याऐवजी फिका निळा किंवा मरून शर्ट घालावा. काळ्या पँटच्या जागी गडद राखाडी आणली की पांढरा शर्ट लगेच कार्यालयीन दिसतो, आणि त्यामुळेच पुरुषांनी पहिली चांगली पँट काळी न घेता गडद राखाडी घ्यावी, असे मी सुचवीन. कापडाचा पोत बदलूनही हीच गोष्ट साधते: लिननचा किंवा जाड खादीचा पांढरा शर्ट कोणाच्याही गणवेशाची आठवण करून देत नाही.

प्रसंगांचेही काही संकेत आहेत. संक्रांतीला काळी साडी हौसेने नेसली जाते, पण मुंज किंवा बारशाला निखळ काळा घातला तर घरातील ज्येष्ठांच्या कपाळावर आठी पडू शकते. तेथे नेव्ही किंवा कॉफीने तेवढाच गडदपणा मिळतो आणि वादही होत नाही. अंत्यविधीला पांढरा किंवा फिका साधा कपडा योग्य. नवरात्राच्या नऊ रंगांच्या यादीत राखाडी आला की ऐन वेळी त्याची शोधाशोध सुरू होते, एवढ्या एका कारणासाठीही एखादी राखाडी साडी संग्रही असू द्यायला हरकत नाही.

हवा, माती आणि कापड

घामाचे डाग सर्वांत जास्त मध्यम रंगांवर दिसतात. कापड ओले झाले की गडद होते, आणि हा बदल मध्यम राखाडी, खाकी व फिक्या निळ्यावर ठळकपणे उमटतो. शुभ्र पांढऱ्यावर, नेव्हीवर आणि काळ्यावर तो फारसा जाणवत नाही. मुंबईच्या लोकलने प्रवास करणाऱ्याने राखाडी सुती शर्ट टाळून राखाडी पँट घ्यावी, ती त्यामुळेच. पावसाळ्यात मातीचा रंगही विचारात घ्यावा लागतो. कोकणातील जांभ्याच्या मातीत लोहाचे प्रमाण मोठे असल्याने तिचे तांबडे डाग पांढऱ्या आणि मोतिया कपड्यांवरून सहजी निघत नाहीत. तेथे पावसात तपकिरी आणि विटकरीकडे झुकणारे न्यूट्रल सोयीचे पडतात. देशावरच्या काळ्या मातीला गडद राखाडी किंवा काळा बरा.

एकच रंग वेगवेगळ्या कापडांत वेगळा वागतो. पॉलिस्टरचा बदामी सपाट आणि निर्जीव दिसतो, कारण त्यात सगळा धागा एकसारखा असतो. टसरचा बदामी मात्र जवळून पाहिल्यास त्यात मधाच्या, ताम्रवर्णी आणि राखट धाग्यांची मिसळ दिसते. हा रंग रंगाऱ्याने दिलेला नसतो. ऐन आणि अर्जुनाच्या पानांवर वाढणाऱ्या किड्यांच्या कोषातील रेशीमच मुळात तसे असते. विदर्भातील भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर या भागांत टसर होते, आणि तेथील करवतकाठी साडीत नैसर्गिक टसरच्या अंगाला करवतीच्या दात्यांसारखा रंगीत काठ विणलेला असतो. एकच चांगली न्यूट्रल साडी घ्यायची असेल, तर मी डोळे मिटून हिचेच नाव घेईन. कापसाचाही मूळ रंग मोतियाच असतो. मांजरपाटात तो जसाच्या तसा दिसतो, आणि आपण ज्याला शुद्ध पांढरा म्हणतो तो ब्लीच करून आणि दीप्तिद्रव्य चढवून मिळवलेला असतो.

रंग टिकवण्याविषयी

अनेक धुण्याच्या पावडरींत हीच दीप्तिद्रव्ये असतात. पांढऱ्याला ती मानवतात, पण मोतिया, बदामी आणि खाकी यांवर ती हळूहळू निळसर थर चढवतात आणि रंगाची ऊब नाहीशी होते. या कपड्यांसाठी ब्राइटनर नसलेला द्रव साबण निवडावा. निळीचेही तसेच आहे: ती पांढऱ्यातला पिवळेपणा झाकते, पण मोतियाला राखट करते. क्लोरीनयुक्त ब्लीच रेशीम, लोकर आणि स्ट्रेच कापडाला उलट पिवळे पाडते, म्हणून ते फक्त निखळ सुती पांढऱ्यासाठी ठेवावे.

काळे आणि नेव्ही कपडे उलटे करून थंड पाण्यात धुवावेत आणि सावलीत वाळवावेत. नवे काळे कापड मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवल्याने रंग पक्का होतो, ही समजूत बहुधा रंगाईच्या कामातून आली असावी. सुती कापड रंगवताना हौदात मीठ घालतात हे खरे, पण त्याने रंग धाग्याकडे ओढला जातो. रंगवून विकायला आलेल्या कापडातला सुटा रंग त्याने बांधला जात नाही. तो दोन-तीन वेळा स्वतंत्र धुऊन काढून टाकणे हाच उपाय आहे.

विटलेला सुती काळा कपडा रंगाऱ्याकडून पुन्हा काळा करून घेता येतो, तसेच पिवळा पडलेला पांढरा कुर्ता कॉफी किंवा नेव्ही करून घेता येतो. मात्र देण्यापूर्वी शिवण तपासावी. तयार कपडे बहुतेकदा पॉलिस्टरच्या दोऱ्याने शिवलेले असतात आणि सुती कापडाच्या रंगात तो दोरा रंगत नाही, त्यामुळे नेव्ही झालेल्या कुर्त्यावर टीप पांढरीच राहते. ती नको असेल तर कुर्ता शिंप्याकडे देऊन दिसणाऱ्या टिपा उसवून नव्या दोऱ्याने घालून घ्याव्यात.